सूर्योदयाला हयात

लातूर जिल्हा होण्याच्या आधीची ती शेवटची शिरगणती. उदगीर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आणि आम्हा प्राथमिक शाळेच्या मास्तरांना सरकारने नेहमीप्रमाणे कामाला जुंपलं होतं. मतदान, गुरांची मोजदाद, नसबंदीच्या केसेस, माणसांची मोजदाद. मास्तर हा प्राणी शिकवणं सोडून बाकी सगळ्यासाठी असतो. बाकीचे मास्तर कुरकुरले. मी कुरकुरलो नाही. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता.

मला चुका धरायची हौस होती. वहीत, फळ्यावर, लग्नपत्रिकेत, कुठेही चूक दिसली की मला बरं वाटायचं. जनगणनेच्या सूचनांचं पुस्तक मी दोनदा वाचून काढलं. तहसीलच्या प्रशिक्षणात साहेबांनी एक नियम चुकीचा सांगितला, तेव्हा मी उभा राहून तो दुरुस्त केला. साहेबांनी मान डोलावली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "झालं, आता हे बसत नसतात."

तो नियम सूर्योदयाचा होता. फेब्रुवारीच्या नऊ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत घरोघर फिरायचं आणि माणसामागे एक चिठ्ठी भरायची. मग एक ते पाच मार्च पुन्हा त्याच घरांत जायचं, काही कमी-जास्त झालंय का विचारायला. हिशोबाचा क्षण एकच, एक मार्चचा सूर्योदय. त्याच्या आधी जन्मलेल्याला नवी चिठ्ठी. त्याच्या आधी गेलेल्याची चिठ्ठी रद्द. सूर्य वर आल्यानंतर कुणी गेलं, तर ते माणूस सरकारच्या लेखी हयातच. मला हा नियम फार आवडला होता, कारण त्यात कुणाचीच दया नव्हती आणि कुणावर रागही नव्हता.

मला मिळालेलं गाव उदगीरहून मुखेडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत होतं. फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि तासभर चालायचं. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. ज्वारीची ताटं गुडघ्याएवढीच वाढून तशीच वाळलेली. निम्मी घरं कुलपात होती, कारण माणसं कोयते घेऊन उसाला गेली होती. गावात पाणी एकाच विहिरीला. तिच्या तळाशी बाया उतरायच्या आणि वाटीवाटीने घागर भरायच्या. वर येणारं पाणी चहासारखं दिसायचं आणि त्याला एक वास होता. पहिल्याच दिवशी मला तो आला. पण विहिरीच्या वासासाठी माझ्या कागदात रकाना नव्हता.

माझ्यासोबत गावचा कोतवाल असायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. गावातल्या जन्माची आणि मरणाची वर्दी पोलीसपाटलाला देणं हे त्याचं काम. तो नसता तर मला कुणी दारातही उभं केलं नसतं. चार-पाच वर्षांपूर्वी असाच एक मास्तर पिशवी घेऊन आला होता आणि त्याच्या मागोमाग जीप आली होती, नसबंदीची. त्यामुळे मी गल्लीत शिरलो की गडीमाणसं मागच्या दाराने शेतात. आदल्या वर्षी घरमोजणीत घरांवर गेरूने आकडे टाकले होते, त्याचाही लोकांनी भलताच अर्थ काढलेला. कुणी म्हणे आकडेवाली घरं नव्या जिल्ह्यात जाणार, कुणी म्हणे आकडेवाली घरंच जाणार. एका म्हातारीने तो आकडा शेणाने सारवून टाकला होता. मी तिच्या देखत पुन्हा काढला.

पारावर एक म्हातारबाबा बसायचे. निजामाच्या काळातली शिरगणती त्यांना आठवत होती.

"मर्दुमशुमारी म्हनायचे तवा," ते म्हणाले. "मोजून गेले आन मागून पटकी आली. मोजल्यावर मानसं टिकत न्हाईत, गुर्जी."

मी हसलो. त्यांचीही चिठ्ठी भरली. वय पंचाहत्तर, अंदाजे.

ते घर बौद्धवाड्यातलं शेवटचं. मी स्वतः त्याच समाजातला. माझ्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, त्या दिवशी देव्हाऱ्यातले टाक पोत्यात बांधून नदीत सोडले. आमच्या घरात दाराला लिंबू नाही, लेकराला तीट नाही, कुणाची नजर काढणं नाही. म्हणून बौद्धवाड्यात कुणी अंगारे-धुपारे काढले की मला दुप्पट राग यायचा. दुसऱ्यांनी केलं तर अडाणीपणा, आपल्यांनी केलं तर मला तो विश्वासघात वाटायचा.

दारात एक बाई तुराट्यांची झाडणी बांधत बसली होती. वय बावीस-तेवीस. नवरा दिवाळीपासून उसाच्या फडावर, म्हणजे त्याची गणती तिकडे.

"घरात माणसं किती?"

"म्या एकलीच."

मला मिळालेल्या गावाला जादा प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या होत्या. लग्न झालेल्या प्रत्येक बाईला विचारायचं, किती लेकरं झाली आणि त्यांतली किती हयात आहेत. तो प्रश्न कसा विचारायचा हे पुस्तकात दिलेलं नव्हतं. मी बाजारभाव विचारावा तसा विचारायचो.

"झाली चार," ती म्हणाली.

"हयात?"

"एक बी न्हाई."

मी लिहिणार एवढ्यात दोरीवर लक्ष गेलं. एक झबलं वाळत होतं, ओलं. ज्या गावात प्यायला पाणी नाही, तिथे नसलेल्या लेकराचं झबलं कुणी धूत नाही.

"हे कुणाचं?"

"जावंचं हाय. तिच्या लेकराचं."

"जाऊ उसाला गेली. तिच्या दाराला मी आत्ताच कुलूप लिहून आलोय."

चूक सापडली होती. तोवर आतून लेकराचा आवाजही आला. मी कोतवालाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. त्याने मान फिरवली.

ती आत गेली आणि लेकरू कडेवर घेऊन आली. दीड वर्षाची मुलगी, डोळे मोठे, केस उभे. मी चिठ्ठी भरायला वाकलो, तशी तिने झेप घेऊन माझा पेन धरला आणि टोपण तोंडात घातलं. सोडेचना. टोपणावर तिच्या दातांच्या खुणा उठल्या. मलाही हसू आलं.

"हिला लिवू नका, गुर्जी," आई म्हणाली. "पाया पडते. तिघं गेली माझी. परतेकाचं नाव कुठं ना कुठं लिवलं होतं. नर्सबाईच्या वहीत, न्हाई तर टोचायच्या कारडावर. हिला म्या कुठंच लिवू दिलं न्हाई. म्हनून ऱ्हायली."

आज ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो. टोचायच्या कार्डावरही नाव नाही, म्हणजे त्या लेकराला एकही लस टोचलेली नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच आलं की हा अडाणीपणा आहे आणि तो आपल्यातला आहे. तिच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता. मी त्याच्याकडे बोट केलं.

"यांचा फोटो लावता आणि असं बोलता? लाज नाही वाटत?"

तिला लाज वाटली. मान खाली घालून तिने मुलीचं नाव सांगितलं. मी लिहिलं. लिंग, वय एक, आईशी नातं. चिठ्ठी गठ्ठ्यात गेली. मग तिने हळूच विचारलं, "लिवल्यालं खोडता येतंय का, गुर्जी?"

नियम विचारला की मी खुलायचो. सगळं सविस्तर सांगितलं. एक मार्चचा सूर्य उगवायच्या आत माणूस गेलं तरच खोडायचं, दुसऱ्या कुठल्याही कारणाने नाही. ती नीट ऐकत होती. वर्गातलं एखादं हुशार मूल ऐकतं तशी.

महिना संपता संपता गावात हगवण सुरू झाली. मी उदगीरला होतो, मला कोतवालाकडून कळलं. दोन मार्चला दुसऱ्या फेरीसाठी गेलो तेव्हा पार रिकामा होता. म्हातारबाबा सत्तावीस तारखेला गेले होते. त्यांच्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं, खाली सही केली. मग आणखी एका म्हातारीची चिठ्ठी. कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. दारं आपोआप उघडत होती, विचारण्याआधीच उत्तर येत होतं, "काई बदल न्हाई, काई बदल न्हाई," आणि दार लागत होतं. बायांनी लेकरं पदराखाली घेतलेली मला दिसत होती. ऊन कडक होतं तरी मला गारठल्यासारखं झालं. मी भित्रा नाही, पण त्या दिवशी कधी एकदा फेरी संपते असं मला झालं होतं.

शेवटच्या घराशी आलो. ती उंबऱ्यात बसली होती, केस मोकळे सोडून. मला पाहताच तिने हंबरडा फोडला.

"गेली हो, गुर्जी! काल न्हाई परवा. दिस उगवायच्या आत."

पारावरच्या म्हाताऱ्यावर हसलेला मी, निळ्या कोटातल्या फोटोकडे बोट करणारा मी, त्या क्षणी मला वाटलं की हे मीच केलं. माझ्या पेनाने. पुस्तक दोनदा वाचलेल्या माणसाला असं वाटलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी चिठ्ठी काढली, रेघ मारली, 'रद्द' लिहिलं.

"दावा," ती म्हणाली. मी दाखवली. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग डोळे पुसले.

कोतवाल तेव्हा पाटलाकडे गेला होता. तो मला वेशीजवळ भेटला. मी सांगितलं, बौद्धवाड्यातली ती मुलगीही गेली. तो थांबला.

"कवा?"

"परवा पहाटे."

"न्हाई हो. लेकराला पुरायला जागा म्याच दावतो. मला ठाव न्हाई आन लेकरू गेलं?"

आमची नजरानजर झाली. पुढे काय झालं ते सांगायची मला आजही लाज वाटते. मुलगी जिवंत आहे हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, दोन पावलं. तिसऱ्या पावलापासून मला फक्त संताप होता. शपथेवर केलेल्या सरकारी कामात या बाईने मला फसवलं, माझ्याकडून खोटी सही करून घेतली. मी तसाच माघारी फिरलो, जवळजवळ धावत.

मुलगी मागच्या पडवीत होती. झोळीत, वरून लुगडं टाकलेलं. मी लुगडं दूर केलं. डोळे उघडे होते.

"ही कोण?" मी ओरडलो.

बाई पळाली नाही, रडलीही नाही. तिने सगळं सांगितलं. सहा दिवसांपूर्वी तिने लिंबावर कावळ्यांचा जोडा लागलेला पाहिला. तसं दिसलं की घरात मरण येतं. त्यावर उपाय एकच, पाव्हण्यांना खोटा निरोप धाडायचा की अमका गेला. ते रडले की मरण फसतं आणि त्या माणसाचं आयुष्य वाढतं. तिच्या सासूने एकदा असाच निरोप धाडून दिराला वाचवलं होतं.

"पन निरोप कुनाला धाडू, गुर्जी? पाव्हने समदे उसाला गेलेत. एक मानूस उरलं न्हाई. मंग म्हनलं, सरकारला धाडावा. तुमच्या कागदात लिवलं की समद्या मुलखात झालं. सरकार रडलं तर हिला लई आयुष्य मिळंल."

यावर एखादा माणूस गप्प बसला असता. एखाद्याने त्या मुलीच्या अंगाला हात लावून पाहिला असता. मी भाषण केलं. खोटी माहिती देणं गुन्हा आहे हे सांगितलं, दीक्षा आणि विज्ञान सांगितलं. मग मांडी घालून बसलो आणि नवी चिठ्ठी भरायला घेतली. मुलीचं नाव, लिंग, वय एक. या वेळी काम सुरळीत झालं. पेन तिच्या नाकासमोर हलत होता, पण तिने हात पुढे केला नाही. तिचे ओठ कोरडे होते आणि डोळे खोल गेले होते. हे सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला आज इतकं नीट आठवतं, त्याअर्थी पाहिलंच असणार. मी फक्त चिठ्ठीवर शाई वाळू दिली.

"सूर्योदयाला हयात होती, म्हणून हयात," मी म्हणालो. "आता हे बदलत नाही."

ती झोळीचा दोर धरून उभी होती. दारापर्यंत आली.

"तुमची गाडी कवा हाय, गुर्जी?"

"साडेचार. फाट्यावर."

"उदगीरलाच जाती न्हवं?"

"हो, शेवटची आहे. चुकली तर आली का पंचाईत," मी म्हणालो आणि पिशवी खांद्याला अडकवली. मला वाटलं, बाईला मी लवकर जायला हवा आहे.

पाच तारखेला कागद जमा केले. पर्यवेक्षकांनी माझे गठ्ठे सगळ्या मास्तरांना दाखवले. रद्द केलेली चिठ्ठी, तिच्या जागी भरलेली नवी, शेऱ्यात कारण, दोन्हींवर सही. असं स्वच्छ काम कुणाचंच नव्हतं. मी घरी जाऊन बायकोला तो किस्सा हसत हसत सांगितला. सरकार रडेल म्हणे.

दहा-बारा दिवसांनी कोतवाल तहसीलच्या कामाला उदगीरला आला आणि शाळेत मला भेटायला थांबला. व्हरांड्यात उभा राहून पागोट्याच्या शेवाशी चाळा करत होता. विहिरीत औषध टाकून गेले, तो म्हणाला. आता हगवण थांबली. पण सात जणं गेली. मग म्हणाला, "ती लेकबी गेली, गुर्जी. तुमी आलते त्याच्या चौथ्या दिवशी. या खेपेला म्याच जागा दावली."

वर्गात पोरं पाढे म्हणत होती.

"तिनं निरोप धाडलाय," तो पुढे म्हणाला.

मला वाटलं, चिठ्ठी खोडायला सांगितली असेल. मनात नियम तयारच होता. सूर्योदयानंतरचं मरण, खोडता येत नाही. त्या नियमाची मला त्या दिवशी किळस आली.

"ती म्हनली, गुर्जींना सांगा, आता खोडू नका. ऱ्हाऊ द्या तिला तिथं. दुसरीकडं कुठंच न्हाई ती."

पुढच्या वर्षी लातूर जिल्हा झाला. आम्ही पोरांना रांगेत उभं केलं, झेंडा लावला, साखर वाटली. लातूरहून आलेल्या साहेबांनी भाषणात नव्या जिल्ह्याची लोकसंख्या वाचून दाखवली. आकडा आमच्याच चिठ्ठ्यांतून तयार झालेला. टाळ्या झाल्या. त्या आकड्यात म्हातारबाबा नव्हते, आणि ती मुलगी होती. नियमाप्रमाणे आकडा बरोबर होता, आणि तिला त्यात मीच बसवलं होतं, पायपीट करून, माघारी जाऊन.

कावळ्यांमुळे काही होत नाही, हे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. ती माझ्या पेनाने गेली नाही, विहिरीच्या पाण्याने गेली. बाईला ते कळत नव्हतं असं मी इतकी वर्षं सांगत आलो, पण तिला कळत होतं. तिने आधी कावळ्यांचा उपाय केला. तो मी मोडला. मग तिने दुसरा उपाय धरला आणि मला विचारलं की गाडी उदगीरला जाते का. उदगीरला सरकारी दवाखाना होता. ती दारापर्यंत आली होती, झोळी हाताशी होती, आणि सोबत न्या म्हणायला तिला धीर होत नव्हता, कारण मी आत्ताच तिच्यावर ओरडलो होतो.

त्या दिवशी मी फाट्यावर वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचलो. गाडी आली. खिडकीजवळ बसून मी पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली. उदगीरपर्यंत ती जागा कुणी मागितली नाही.